ठाणे-नवी मुंबईतून सेटवर: पहिलं काम कसं मिळवायचं

महिन्यातून एकदोनदा तरी मला असा फोन येतो. ओळखीच्या कुणाचा भाचा, शेजारच्या काकूंची मुलगी, कधी आमच्या जुन्या नाटकाच्या ग्रुपमधलं कुणी. ‘ताई, इंडस्ट्रीत यायचंय, काम असेल तर सांगा.’ मी विचारते, कुठलं काम? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: ‘काहीही चालेल.’

हे उत्तर मनापासून आलेलं असतं. कळव्याहून निघाले तेव्हा मीही हेच म्हणत होते. पण सेटवर ‘काहीही’ नावाचं काम नसतं. शंभर माणसं असली तरी प्रत्येकाचं खातं ठरलेलं असतं, आणि नवा माणूस आत येतो तो त्या खात्यातल्या कुणाच्या तरी हाताखाली. मी १४ वर्षं दिग्दर्शन विभागात आहे. त्यातली पहिली ५ कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळवणं, सांभाळण्यात गेली. म्हणून हा लेख कॅमेऱ्यामागे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही दिग्दर्शन विभागाबद्दल जास्त.

१. आधी खातं ठरवा

दिग्दर्शन, कॅमेरा, लाइट, साऊंड, आर्ट, कॉस्च्युम, मेकअप-हेअर आणि प्रॉडक्शन ही सेटवरची मुख्य खाती. शूटिंग झाल्यावर एडिट, डबिंग, साऊंड डिझाइन, कलर, व्हीएफएक्स. यातलं आपलं कुठलं, हे आज हाताला काय येतं त्यावरून ठरवा. आयटीआयमधून वायरमन झालेला मुलगा लाइटमध्ये लवकर रुळतो. बी.कॉम. झालेली, व्हाउचर आणि रोजचा हिशेब चोख ठेवणारी मुलगी प्रॉडक्शनला हवीच असते. शिवणकाम येत असेल तर कॉस्च्युम, चित्रकलेचं शिक्षण असेल तर आर्ट. एकाच तुकड्याकडे तासन्‌तास पाहून कंटाळा येत नसेल तर एडिट. वाचनाची आवड, बारीक नजर आणि १२ तास उभं राहण्याची तयारी असेल तर आमचं खातं.

हाताखाली राहून शिकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. व्ही. शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले आणि १९२९ मध्ये भागीदारांबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली.

२. शिक्षण घ्यावं का?

पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी, १९६०मध्ये सुरू झालेली सरकारी संस्था. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग, साऊंड, कला दिग्दर्शन, पटकथा, अभिनय असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षा असते. ती एकदा तरी मनापासून द्या. तिथले छोट्या मुदतीचे अभ्यासक्रमही चांगले असतात. खासगी संस्थांची फी लाखांत जाते. कर्ज काढण्याआधी मागच्या दोन बॅचमधली चार मुलं शोधा आणि आज ती कुठल्या सेटवर, कुठल्या खात्यात आहेत ते त्यांनाच विचारा. चारही सापडली नाहीत तर ते पैसे वाचवा. ठाण्यात, वाशीत मास मीडियाला असाल तर कॉलेजचा कॅमेरा आणि एडिटिंगचं मशीन शेवटच्या वर्षापर्यंत मनसोक्त वापरून घ्या.

पदवीशिवायही काम मिळतं. माझ्या आजवरच्या एकाही मुलाखतीत कुणी मार्कशीट मागितलेली नाही.

३. नाटकाच्या विंगेतून जा

ठाण्यातल्या मुलांना मिळालेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे नाटक. गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीला विष्णुदास भावे. एकांकिका स्पर्धांच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी इथे कॉलेजांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये चालू असतात. अशा एखाद्या ग्रुपला जाऊन सांगा की मला बॅकस्टेज करायचंय. कुणी नाही म्हणत नाही, कारण स्टेजवर जायला सगळे तयार असतात आणि विंगेत उभं राहायला माणूस मिळत नाही.

प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी करणं, अंधारात ३० सेकंदांत टेबल बदलणं, कुठल्या वाक्यावर कुठला लाइट जातो ते लक्षात ठेवणं, या सगळ्याचा सेटवर जसाच्या तसा उपयोग होतो. शिवाय मराठी मालिकांचे कितीतरी लेखक, दिग्दर्शक, नट एकांकिकांतून आलेले आहेत. तुमची पहिली शिफारस करणारा माणूस बहुधा तिथेच, चहाच्या टपरीवर तुमच्या शेजारी उभा असेल.

४. घरात करायचा सराव: एक कप चहा

आता कंटिन्युइटी. या कामाबद्दल नव्या मुलांना फार थोडं माहीत असतं आणि आत शिरण्याची ही खरी वाट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिनेमा किंवा मालिका कथेच्या क्रमाने शूट होत नाही. एका घरातले सगळे सीन एकदम होतात, मग दुसऱ्या घरातले. नायक दार उघडून बाहेर पडतो तो शॉट आज कासारवडवलीच्या बंगल्यात होतो आणि तो अंगणात आलेला दिसतो तो शॉट १० दिवसांनी येऊरला. पडद्यावर मधे एक क्षणही गेलेला नसतो. शर्टाची बाही दुमडलेली होती का, पिशवी कुठल्या हातात होती, केस ओले होते की वाळलेले, हे १० दिवस कुणीतरी सांभाळावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे आपण.

सराव असा करा. घरातल्या कुणालाही टेबलाशी बसवून चहा पिता पिता चार वाक्यं बोलायला लावा. मोबाइलवर आधी मास्टर घ्या, म्हणजे टेबलासकट पूर्ण माणूस. मग तेच सगळं पुन्हा करायला लावून फक्त चेहऱ्याचा क्लोज घ्या. मग तिसऱ्यांदा हात आणि कप. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा एक शॉट घ्या. मोबाइलमधल्या कुठल्याही साध्या ॲपवर चारही तुकडे जोडून बघा. कपातला चहा एकदा वर, एकदा खाली. हात एकदा डावा, एकदा उजवा. मागच्या घड्याळात २० मिनिटं पुढे गेलेली. खिडकीतलं ऊन नाहीसं झालेलं. पहिल्यांदा पाहिलं की अंगावर काटा येतो.

मग वही घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. या वेळी वाक्याखाली रेघ ओढून लिहा: ‘आज’ या शब्दावर कप उचलला, उजवा हात, कपाचा कान बाहेरच्या बाजूला. ‘उशीर’ म्हणताना घोट. वाक्य संपल्यावर कप बशीत, चहा अर्धा. हालचाल कुठल्या शब्दावर झाली ते लिहिणं हा या कामाचा प्राण आहे, कारण एडिटर नेमका त्या हालचालीवर कट मारतो. मास्टरमध्ये कप ‘आज’वर उचलला आणि क्लोजमध्ये ‘उशीर’वर, तर दोन शॉट जोडताच येत नाहीत.

हे १५ दिवस रोज करा. मग टेबलाशी दोन माणसं बसवा आणि दोघांच्या मधली काल्पनिक रेषा समजून घ्या. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर दोघं एकमेकांकडे बघताना दिसतात. पलीकडे गेला तर दोघंही एकाच दिशेला बघत असल्यासारखी दिसतात. पुस्तकात वाचून मला हे महिनाभर कळलं नव्हतं, चटईवर दोन भावंडं बसवून १० मिनिटांत कळलं.

५. पटकथा फोडायला शिका

सीन हातात आला की आम्ही त्याचं ब्रेकडाऊन करतो. म्हणजे त्या सीनला काय काय लागणार ते खात्यांनुसार काढतो. समजा, पानावर एवढंच आहे:

‘स्वयंपाकघर. सकाळ. सुमन डबा भरते आहे. संदीप भिजलेली छत्री घेऊन आत येतो.’

नवा मुलगा लिहितो: डबा, छत्री. झालं. आता नीट बघा. छत्री भिजलेली, म्हणजे बाहेर पाऊस. मग संदीपचे खांदे आणि पँटचा खालचा भाग ओला हवा. टेक पाच-सहा होणार, तेव्हा एकाच रंगाचे, एकाच मापाचे किमान तीन शर्ट कॉस्च्युमकडे हवेत, कारण पहिल्या टेकला कोरडा शर्ट भिजला की परत कोरडा होणार नाही. खिडकीबाहेर पाणी हवं का, हे कॅमेऱ्याला विचारायचं. हवं असेल तर पाण्याच्या आवाजात संवाद नीट मिळतील का, हे साऊंडला. सकाळ असली तरी पावसाळी उजेड, ते लाइटला. डबा भरते आहे, म्हणजे प्रत्येक टेकला पोळ्या नव्याने रचायच्या. आर्टला २० पोळ्या आणि पातेलंभर भाजी सांगून ठेवायची आणि भाजी कुठली ते लिहून ठेवायचं, कारण चार दिवसांनी शूट होणाऱ्या ऑफिसच्या सीनमध्ये हाच डबा उघडणार आहे. तिथे बटाटा असेल तर इथेही बटाटाच.

प्रत्येक सीनवर कथेतला दिवसही लिहा: पहिला दिवस, दुसरा, सातवा. कपडे त्यावरून ठरतात. सिनेमाच्या पटकथेत एक पान साधारण एक मिनिटाचं धरतात आणि पानाचे आठ भाग करून सीनची लांबी मोजतात. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता २०-२२ मिनिटांचं कथानक उरतं आणि रोज जवळपास एवढं उरकायचं असतं, तेव्हा ब्रेकडाऊन चुकलं तर संध्याकाळी भरून काढायला वेळ नसतो.

टीव्हीवर पाहिलेल्या कुठल्याही १० सीनचं असं ब्रेकडाऊन करून स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. हीच तुमची ओळख. दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला तेव्हा पैसे लावणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी आधी दाण्याला अंकुर फुटून वेल वाढताना चित्रित करून दाखवला होता. आपणही काहीतरी करून दाखवलेलं घेऊन जावं.

६. माणसापर्यंत पोचणं

दिग्दर्शकाला मेसेज पाठवू नका. हाताखालची माणसं निवडतो तो चीफ किंवा फर्स्ट असिस्टंट, म्हणजे दिग्दर्शकाचा पहिला सहायक, आणि पैशाचं ठरवतो ई.पी., म्हणजे कार्यकारी निर्माता. मालिकेची श्रेयनामावली थांबवून ही नावं वाचा, समाजमाध्यमांवर शोधा, आणि थोडक्यात लिहा. एका मुलीने मला पाठवलेला मेसेज मी नमुना म्हणून अनेकांना देते:

‘नमस्कार मॅम. मी ऐरोलीत राहते, वय २२. दोन एकांकिकांना बॅकस्टेज आणि एका शॉर्ट फिल्मला कंटिन्युइटी केली आहे. थर्ड किंवा फोर्थ असिस्टंटची जागा असेल तर १५ तारखेपासून मोकळी आहे. घोडबंदर, मीरा रोड, फिल्मसिटी, कुठेही सकाळी ७च्या कॉलला पोहोचेन. माझ्या ब्रेकडाऊनची दोन पानं सोबत आहेत.’

यात स्वप्नं नाहीत, ‘लहानपणापासून आवड’ नाही. मला हवं ते सगळं आहे. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. महाएपिसोडच्या वेळी दुसरं युनिट लावावं लागतं, तेव्हा दोन-तीन दिवसांसाठी जादा हात लागतात. असं काम कमी दिवसांचं आहे म्हणून सोडू नका, मी अशाच तीन दिवसांवर आत आले.

पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. काम देण्यासाठी डिपॉझिट, ऑडिशनची फी, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा’, यातलं काहीही ऐकू आलं की उठून या. अभिनयात जाणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोगावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. चांगल्या उजेडात काढलेले चार साधे फोटो आणि नाव, वय, उंची सांगणारा छोटा व्हिडिओ पुरतो.

संघटनेच्या सभासद कार्डाचंही तसंच. कामगारांच्या संघटना एफडब्ल्यूआयसीई या महासंघाखाली येतात. दिग्दर्शक आणि सहायकांसाठी इफ्टडा, कॅमेऱ्यासाठी विका, तर कलाकारांची सिंटा आणि लेखकांची एसडब्ल्यूए. मराठी चित्रपटांसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, त्याचं मुख्य कार्यालय कोल्हापूरला. कुठलं कार्ड केव्हा लागेल ते तुमच्या फर्स्ट असिस्टंटला विचारा आणि फी संघटनेकडेच, पावती घेऊन भरा. मधला माणूस नको.

७. पहिला दिवस

कॉलच्या, म्हणजे सेटवर बोलावलेल्या वेळेच्या, अर्धा तास आधी पोचा. वही, दोन पेनं, क्लिपबोर्ड, पॉवर बँक, टोपी, पाण्याची बाटली, पावसाळ्यात जादा कपडे. बूट आवाज न करणारे. कपडे साधे, गडद, कारण चकचकीत पिवळ्या शर्टाचा रंग नटाच्या गालावर उमटतो.

वयाने आणि कामाने मोठ्या माणसांना दादा, ताई म्हणा. स्पॉट दादा, सेटिंग दादा, लाइटमन दादा यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त सेट पाहिलेले असतात. ‘लुक क्लिअर करा’ असं ओरडलं की नटाच्या नजरेच्या रेषेतून बाजूला व्हा. केबलवर पाय देऊ नका. लाइट आड येत असला तरी हात लावू नका, सांगा. टेबलावरची वस्तू आर्टला विचारल्याशिवाय उचलू नका, तिथे ठेवलेलं केळंसुद्धा. नटाची चूक दिसली तर त्याला परस्पर सांगू नका, फर्स्टच्या कानावर घाला. कंटिन्युइटीचे फोटो कामापुरते, समाजमाध्यमांवर एकही नाही.

क्लॅप, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला आपटायची पाटी, हातात आला तर घाबरू नका. सीन, शॉट, टेक हे तीन आकडे मोठे आणि स्वच्छ लिहा. फ्रेममध्ये स्थिर धरा, आकडे मोठ्याने बोला, पट्टी आपटा, पटकन बाजूला व्हा. पट्ट्या एकमेकींवर बसतानाचं चित्र आणि ‘टक’ हा आवाज जुळवून एडिटच्या वेळी आवाज चित्राशी लावतात. पट्टी फ्रेमच्या बाहेर आपटली तर त्याचा काही उपयोग होत नाही.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत नायिकेने मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. सुट्टीनंतर आम्ही तिचे क्लोज घेतले. चार शॉट झाल्यावर मॉनिटरकडे बघताना माझ्या लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. मी सांगितलं. लाइट परत फिरवले, चारही शॉट पुन्हा झाले, ४० मिनिटं गेली. दिग्दर्शक एक शब्दही बोलले नाहीत. पॅकअपनंतर माझ्या फर्स्टने मला बसवून तक्ता आखून दिला: जेवणाआधी एक फोटो, जेवणानंतर पहिल्या शॉटआधी एक फोटो, प्रत्येक कलाकाराचा, डोक्यापासून पायापर्यंत. तो तक्ता मी आजही वापरते. चूक दिसल्याक्षणी सांगा. लपवलेली चूक एडिटच्या टेबलावर सापडते, आणि तोवर सेट उतरवलेला असतो.

८. पैसे

मालिकांमध्ये पैसे सहसा ९० दिवसांनी येतात. जूनमध्ये काम केलंत, महिनाअखेरीला बिल दिलंत, तर पैसे सप्टेंबर संपता संपता. म्हणजे कामाला लागल्यावर पहिले चार महिने घरून किंवा साठवणीतून काढायचे. घरी राहत असाल आणि प्रवास, फोन, बाहेरचं खाणं मिळून महिना ८,००० रुपये लागत असतील, तर ३२,००० हातात असल्याशिवाय चालू नोकरी सोडू नका. ठाण्यात आईवडिलांच्या घरी राहणं हे या धंद्यात मोठं भांडवल आहे. बाहेरगावहून येऊन अंधेरीत भाडं भरणाऱ्या मुलांना हेच चार महिने मोडून काढतात.

माझ्या पहिल्या सिनेमाचे पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत. काहीच लिहून घेतलं नव्हतं, बोट दाखवायला कागद नव्हता. तेव्हापासून मी काम सुरू होण्याआधी चार गोष्टी मेसेजवर पक्क्या करते: रक्कम महिन्याची की दिवसाची, शिफ्ट किती तासांची, पैसे किती दिवसांनी, उशिरा पॅकअप झालं तर घरी सोडणार का. समोरच्याने ‘ओके’ लिहिलं तरी पुरे. वहीत रोजचा कॉल आणि पॅकअप लिहा. बिलावर तारखा, पॅन आणि बँकेचा तपशील द्या. पैशातून आयकर आधीच, टीडीएस म्हणून, कापला जातो. उत्पन्न कमी असलं तरी आयकर विवरणपत्र भरा म्हणजे कापलेले पैसे परत मिळतात. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

९. येणं-जाणं आणि सुरक्षितता

घोडबंदर रोडवरच्या सेटला ठाण्याहून निघालात तरी गायमुखच्या घाटातली कोंडी धरून वेळ काढा. गोरेगावच्या फिल्मसिटीत सकाळी ७चा कॉल असेल तर मी कळव्याहून ५ला निघते. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन पुढे बस धरावी. कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओला काम असेल तर पनवेल-खारघरवाल्यांना ते आमच्यापेक्षा सोयीचं. तुमच्या घरून सगळ्यात जवळ काय आहे ते बघून सुरुवातीची कामं घ्या, कारण १२ तासांच्या शिफ्टला ४ तासांचा प्रवास जोडला की दोन महिन्यांत माणूस आजारी पडतो.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढं माहीत करून घ्यावं की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा सेटलाही लागू आहे. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे निर्मात्याने अंतर्गत समिती नेमावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कामाची भेट ऑफिसात किंवा सेटवर, दिवसा. रात्री हॉटेलवर बोलावणाऱ्याकडे तुमच्यासाठी काम नसतं. पहिल्या आठवड्यात घरच्यांना एकदा सेटच्या दारापर्यंत आणा, जागा दाखवा, प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर देऊन ठेवा. माझ्या आईने हे केलं, आणि मग रात्री १२ला घरी आले तरी तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

१०. सहा महिन्यांनंतर

एका मालिकेत सहा महिने काढल्यावर वेग येतो, पण सवयही लागते. सिनेमाचं काम संथ आणि खोल असतं, ३०-४० दिवसांत दोन तास उभे करायचे असतात. तिकडे जायचं असेल तर मालिका सोडण्याआधी बोलणी करा आणि सध्याच्या फर्स्टला किमान १५ दिवस आधी सांगा. तुमच्या जागी आलेल्या मुलाला वही समजावून द्या. पुढचं काम बहुतेक वेळा त्याच फर्स्टच्या फोनवरून येतं.

आणि श्रेयनामावलीतलं नाव. ते आपोआप लागत नाही. ई.पी.ला स्वतःहून विचारा आणि नाव कागदावर मराठीत आणि इंग्रजीत, वेलांटी-मात्रांसकट लिहून द्या. तोंडी सांगितलेलं माझं आडनाव पहिल्या मालिकेत चुकीचं लागलं आणि मालिका संपेपर्यंत तसंच राहिलं. आता कामाच्या पहिल्याच दिवशी ही चिठ्ठी मी बिलाच्या कागदांसोबत जोडून देते.